चार ठोक्यांची जागा

तनुजाचा तिसरा अल्बम आपटला त्या दिवशी तिच्या घरी शिरा झाला. सत्यमनं केला, म्हणून खालून जरा लागला. पण नवरा-बायकोनं तो कढईतूनच चाटूनपुसून खाल्ला, आणि दहा महिन्यांच्या राजीच्याही जिभेला लावला.

"ऐक, ऐक," सत्यम मोबाईलवरून वाचत होता. "'गायिकेला शब्द सुचेनासे झालेत. प्रत्येक गाण्याचं धृपद ऐन भरात तुटतं आणि मग चार ठोके नुसती गिटार वाजत राहते. श्रोत्यानं समजायचं तरी काय?' पाचपैकी दीड तारा."

"अर्धा कशाबद्दल दिला मेल्यानं?"

"कव्हर छान आहे म्हणतोय."

तनुजा हसली. पण हसताना तिचा एक डोळा राजीच्या मुठीकडं होता. मुठीत काजूचा तुकडा गेला होता आणि तो तोंडात जायच्या आत काढायचा होता. गेल्या दहा महिन्यांत तिला हीच सवय लागली होती. काही चांगलं घडत असलं तरी नजर कुठं तरी, गळ्यात काय अडकेल त्याच्यावर.

आणि अडकायचं अजून बाकी होतं. मुंबईच्या कंपनीशी तिनं करार केला तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. तीन अल्बम द्यायचे. त्यातला पहिला गाजला, कॉलेजच्या पोरी तिच्यासारखे केस कापून हिंडल्या. दुसरा बरा चालला. तिसरा हा. पण करारात बारीक अक्षरांत आणखी एक कलम होतं, ते सत्यमनं शोधून काढलं, बायकोच्या बाळंतपणाच्या रजेत. तिसरा अल्बम बाजारात आल्यापासून एकशेऐंशी दिवसांच्या आत कंपनीनं लेखी कळवलं, तर आणखी दोन अल्बम त्याच अटींवर द्यावे लागतील. त्याच अटी म्हणजे काय, तर तिनं गुणगुणलेली चालसुद्धा कंपनीला ऐकवली की कंपनीची. परवानगीशिवाय गल्लीतल्या गणपतीपुढंही गायचं नाही. अल्बम चालला तर कंपनी तिला सोडणार नव्हती. पडला तरच सुटका. अल्बम आला सतरा नोव्हेंबरला. मुदत सोळा मे, संध्याकाळी सहा.

म्हणून शिरा.

आता कुणी विचारेल, एवढं काय वाकडं होतं? वाकडं होतं ते अभयशी. कंपनीत मराठी गाण्यांचं सगळं अभय बघायचा. इथलाच, तनुजाच्याच शहरातला, सिडकोत वाढलेला, आजोळ वैजापूरकडचं. मुंबईला जाऊन बारा वर्षं झाली होती आणि आता तो 'आमच्याकडं' म्हणाला की त्याचा अर्थ अंधेरी असायचा.

तनुजाचे वडील गोकुळ छावणीतल्या एका बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे; घरात त्याला पावरीच म्हणत. वरात पोचवून, टोपी काखेत मारून घरी येताना ते एक चाल वाजवायचे. कुणासाठीच नाही, नुसती चालता चालता. लहानपणी तनुजाला ती गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायची आणि ती चप्पल न घालता पळायची. वडील गेले त्या वर्षी तिनं त्या चालीवर गाणं बांधलं आणि अभयला ऐकवलं.

"तनू, फार गावठी वाटतंय गं," तो म्हणाला. "ठेव बाजूला."

तिला तनू म्हणायची परवानगी त्याला कुणी दिली नव्हती.

राजी झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या टीव्हीवर पान मसाल्याची जाहिरात लागली. एक नट घोड्यावरून उतरतो, पुडी फाडतो, आणि मागं कुणी तरी हिंदीत गातं. चाल तीच. गोकुळची, वरातीनंतरची. टाके ओढत होते तरी तनुजा उठून बसली. तिनं दवाखान्याच्या खाटेवरूनच अभयला फोन लावला.

"अगं, चाल कंपनीकडं जमा होती ना," अभय म्हणाला. "करार वाच. आणि अभिनंदन हं, मुलगी झाली म्हणे! आता काय, आईबाई झालीस. रॉकबिक जरा जपून."

त्या दिवसापासून तनुजाला अभयचं वाईट व्हायला हवं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं घसघशीत. ती लेकराला पाजताना त्याच्या वाईटाचा विचार करायची, लंगोट वाळत घालताना करायची, आणि तिला त्याची लाजही वाटत नव्हती. उलट त्यानं अंगात ताकद यायची. दूधही चांगलं यायचं.

तिसरा अल्बम द्यायचाच होता. मुद्दाम बेसूर गाणं तिला जमलं नसतं. गोकुळनं तिला सुरात न लागलेला शब्द पुन्हा म्हणायला लावूनच वाढवलं होतं. मग ती राजीला घेऊन महिनाभर लासूर स्टेशनला गेली, साळूबाई आत्याकडं.

साळूबाई म्हणजे गोकुळची थोरली बहीण. आसपासच्या वीस गावांत लग्नाच्या पंगतीत गाणारी. तिकडं नवरदेवाची माणसं जेवायला बसली की मुलीकडच्या बायका मागं उभ्या राहून त्यांना गाण्यातून शिव्या घालतात. कंजूष म्हणतात, ढेरपोट्या म्हणतात, आणखी काय काय म्हणतात. ज्याच्यावर गाणं, त्यानं पानावरून उठायचं नाही. उठला की सगळं वऱ्हाड हरलं. आणि गाणं चालू आहे तोवर त्याच्या पानात वाढतच राहायचं.

"कडुबाला म्या एकोणीस लाडू चारले होते," आत्या सांगायची. "बिचारा पुढं आमचा जावईच झाला. अजून लाडू दिसला की हात जोडतो."

"एवढी गाणी पाठ कशी राहतात गं आत्या? दर लग्नाला नवं नाव."

"नाव कशाला पाठ करायचं? नावाची जागा मोकळी ठिवायची. म्या म्हणायचं, कोण गं बाई, कोण गं? आन् थांबायचं. चार ठोके. मागच्या बायका नाव घालत्यात. गाणं आपलं, नाव पंगतीचं."

तनुजाच्या हातातलं राजीचं झबलं तसंच राहिलं.

आठ गाणी तिनं त्या महिन्यात लिहिली. गिटार होती, ड्रम होते, पहिल्या अल्बमसारखाच दणका होता. आणि प्रत्येक धृपदात चार ठोक्यांची मोकळी जागा. अल्बमचं नाव 'पंगत'. अंधेरीच्या स्टुडिओत अभयनं पाय हलवत ऐकलं.

"इथं काही तरी टाक ना. ओ ओ, आ आ."

"नाही. जागा तशीच राहील."

त्यानं खांदे उडवले. त्याला वर्षअखेरीच्या आत अल्बम हवा होता. "ओके. मिनिमल. छान आहे, मिनिमल."

हा माणूस लहानपणी आजोळच्या पन्नास पंगतींत जेवला असणार. पण ती जागा त्याला ओळखू आली नाही. तनुजाला वाटलं होतं, ओळखेल आणि हसेल, आणि मग त्याच्यावर रागावणं थोडं अवघड जाईल. ते सोपं राहिलं.

मुंबईत 'पंगत' कुणालाच कळला नाही. पुण्यात एकानं त्याची टर उडवणारा व्हिडिओ केला, त्याला अल्बमपेक्षा जास्त लोकांनी बघितलं. कंपनीनं डिसेंबरातच जाहिराती थांबवल्या. तनुजा दर रविवारी दिनदर्शिकेवर आठवडा खोडायची.

गोंधळ झाला तो आत्यामुळं. फोनवर ऐकून ऐकून आत्यानं 'पंगत'मधलं तिसरं गाणं उचललं आणि लग्नांत गायला सुरुवात केली. एका लग्नातून ते दुसऱ्या लग्नात गेलं. फेब्रुवारीत खोजेवाडीला झालं, मार्चमध्ये गंगापूरला बँडवाले वाजवायला लागले. बायकांनी ते तोंडीच शिकून घेतलं. पण पोरीबाळी मोबाईलवर शोधायला लागल्या, आणि एप्रिलच्या शेवटी अभयचा फोन आला.

"तनू! तुझ्या तिकडचे काही आकडे हलतायत. एकाच गाण्याचे. गंगापूर, वैजापूर, लासूर. काय चाललंय?"

"मला काय माहीत," तनुजा म्हणाली आणि तिनं दिनदर्शिकेकडं पाहिलं.

"बघतो मी. सोळा तारखेच्या आत बघावंच लागेल ना?" तो हसला. म्हणजे त्यालाही तारीख पाठ होती.

त्यानंतर चारच दिवसांनी आत्याचा फोन. "तनुजे, आपल्या शेजारच्या बद्रीनाथची पोरगी दिली बघ. सिडकोतल्या नानासाहेबाच्या धाकट्याला. थोरला मुंबईला गाण्याच्या कंपनीत हाय म्हणं. अभय नाव. त्योच का गं तुझा?"

"माझा कशाला असेल?"

"त्योच हाय म्हंजी. तेरा मेला लगीन. अधिक महिना लागायच्या आत उरकायचंय. येतीस का नाय?"

सत्यम वाळूजला सकाळच्या पाळीला जायच्या तयारीत होता. त्यानं बुटाची नाडी अर्धी सोडून तिच्याकडं पाहिलं. "जा. पण तोंड उघडू नकोस. तीन दिवस, तनुजा. तीन दिवस गप्प बसलीस तर तू आयुष्यभर गाशील. सगळ्यांच्या मोबाईलमध्ये कॅमेरे आहेत. तू तिथं गायलीस आणि ते पसरलं, तर तो डोळे मिटून सही करेल."

"मी नुसती राजीला घेऊन बसेन."

"शपथ?"

"लेकराची नाही घेणार. पण बसेन."

कार्यालय लासूरच्या बाहेर, रस्त्याला लागून. मे महिन्यातली भर दुपार, वर पत्रे. तनुजानं राजीच्या कानात कापूस घातला होता, कूलरच्या वायरीपासून तिला चार हात लांब ठेवलं होतं, आणि पाण्याची बाटली घरूनच आणली होती. जेवायला बुफे होता. पण बद्रीनाथला साळूबाईनं बजावलं होतं, वऱ्हाडातली मानाची चाळीस पानं जमिनीवरच बसली पाहिजेत. बुफेत माणूस ताट उचलून पंख्याखाली निघून जातो. त्याला शिव्या गाऊन काय उपयोग?

अक्षता पडल्या आणि अभय समोरूनच आला. मोतिया रंगाची शेरवानी, कपाळावर घामाचे थेंब.

"तनू! तू इथं?"

"मुलीकडची आहे मी."

"वा, म्हणजे नातेवाईकच झालो!" तो वाकून राजीच्या गालाला हात लावायला गेला. राजीनं मान फिरवली. "अगं, बरी भेटलीस. गुड न्यूज आहे. ते गाणं मी वर दाखवलं. आणखी दोन अल्बम. मेल ड्राफ्ट करून ठेवलाय, उद्या मुंबईला पोचलो की पाठवतो. त्या जागेत काही तरी हूक टाकू, कानात बसणारी ओळ, दुसरं कुणी तरी गाईल, आणि परत सोडू."

"दुसरं कुणी?"

"तू आता लेकराची आई. शोज कोण करणार? तू लिही ना घरी बसून. चाली देत जा." त्यानं तिच्या दंडावर थोपटलं आणि तो मानाच्या पंगतीत तिसऱ्या पानावर जाऊन बसला.

तनुजा तिथंच उभी राहिली. राजी तिच्या मंगळसूत्राचा मणी चावत होती, तो तिनं काढून घेतला. एवढे महिने खोडलेले सगळे रविवार तिच्या डोळ्यांपुढून गेले. मेल लिहून तयार होता. गप्प बसण्यात आता काही राहिलं नव्हतं.

ती आत्याकडं गेली. साळूबाई पदर खोचून घसा साफ करत होती.

"आत्या, लेकरू धर कुणाकडं तरी. एक गाणं मी म्हणणार."

आत्यानं तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं. "कुणावर?"

"तिसऱ्या पानावर."

"आगं बाई," साळूबाई म्हणाली, आणि राजीला स्वतःच्याच कडेवर घेतलं.

पंगत बसली. पहिलं गाणं आत्यानं व्याह्यावर म्हटलं. नानासाहेब जुने माणूस, त्यांनी मिशीत हसत मान डोलावली आणि बुंदीचा घास घेतला. वातावरण तापलं. मग तनुजा पुढं झाली. गिटार नाही, माईक नाही. टाळ्यांवर 'पंगत'मधल्या तिसऱ्या गाण्याचा ठेका धरला.

परक्याच्या घागरीनं पाणी भरी,
वर म्हणे विहीर माझीच खरी,
कोण गं बाई, कोण गं?

चार ठोके. तिनं तिसऱ्या पानाकडं बोट केलं.

"अभऽऽय!" मागून चाळीस बायका ओरडल्या, आणि पत्र्याखाली हास्याचा स्फोट झाला.

अभय आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं. त्या चार ठोक्यांत त्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते तनुजानं अगदी जवळून पाहिलं, आणि तिला ते पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

बापाची पावरी लेकीच्या हाती,
त्यानं ती इकली सुपारीसाठी,
कोण गं बाई, कोण गं?

"अभऽऽय!"

त्याच्या पानात बुंदीचा डाव पडला. दुसरा पडला. "खा दादा, खा! मुंबईला मिळत नसंल!" कुणी तरी ओरडलं. तो उठायला लागला. शेजारी बसलेल्या नानासाहेबांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"बस."

"नाना, अहो ही मुद्दाम…"

"बस म्हणतो ना. पानावरून उठून भावाच्या लग्नात नाक कापतोस का? खा गुमान." आणि मग, हसू आवरत, जरा हळू: "काय रे, पण हे सुपारीचं काय प्रकरण? कुणाची पावरी इकलीस?"

अभयनं मान पानात घातली. तो बुंदी खात राहिला.

तेवढ्यात तनुजाला मोबाईल दिसले. वर धरलेले, दहा, पंधरा, वीस. सत्यम म्हणाला होता तेच. हे आज संध्याकाळपर्यंत जिल्हाभर होणार. तिचा आवाज एक क्षण अडखळला. आणि मग तिनं अभयकडं पाहिलं. तो तिच्याकडं बघतच नव्हता. तो त्या मोबाईलांकडं बघत होता, एकेक करून, मोजल्यासारखा. त्याचा जबडा थांबला होता.

तेव्हा तिला कळलं. भीती तिच्या एकटीला नव्हती. तिनं ठेका वाढवला आणि उरलेली तीन कडवीही म्हटली, आणि दर वेळी ती जागा बायकांनी भरली, लेकरांनी भरली, शेवटी शेवटी तर वाढप्यांनीही भरली.

हात धुवायच्या नळापाशी त्यानं तिला गाठलं. शेरवानीवर बुंदीचे दाणे होते.

"त्या क्लिप डिलीट करायला सांग."

"चाळीसजणी आहेत. एकेकीच्या पाया पडून बघ."

"तुला कळतंय का, मी लीगल नोटीस…"

"परवानगीशिवाय गायले म्हणून? पाठव, मग काय गायले तेही त्यात लिहावं लागेल. गाणं तुझ्या कंपनीचं, पास तू केलंस. मिनिमल म्हणालास." तनुजानं राजीचं तोंड ओल्या रुमालानं पुसलं. "तू मेल पाठव ना. गाणं परत सोडा, मोठं करा, रेडिओवर लावा. त्या जागेत हवा तो हूक टाका. जिथं वाजेल तिथं बायका काय ओरडतील, ते आत्ता तू जेवता जेवता ऐकलंस. तुझ्या साहेबांनाही ऐकू येईल. कोण गं तो, म्हणून विचारतील, आणि मग पावरीचंही विचारतील."

अभयनं तोंड उघडलं. बुंदीनं त्याला उचकी लागली होती. नळाखाली ओंजळ धरून तो पाणी पीत राहिला.

सोळा तारखेला तनुजानं दिवसभर मोबाईल खिडकीत, राजीच्या हाताला लागणार नाही असा ठेवला. दर दहा मिनिटांनी बघितला. पाच वाजता दुधाच्या बाटल्या उकळल्या, साडेपाचला पुन्हा उकळल्या. सत्यम कामावरून येऊन दारातच उभा राहिला, बूट न काढता. पावणेसहा. सहाला दोन मिनिटं. सहा.

काहीच आलं नाही.

सहा वाजून दहा मिनिटांनी आत्याचा फोन आला. "आलं का गं त्याचं पत्र?"

"नाय आलं, आत्या."

"सुटलीस म्हंजी."

"सुटले."

"बरं झालं माय. मंग आता एक सांग. उद्यापासून अधिक महिना, पण त्यो सरला की लई लग्नं हायेत. बायकांना आता सवयच पडली. दुसऱ्याचं लगीन असलं तरी तोंडातून त्याचंच नाव येतंय. काल तर बोरसरच्या नवरदेवालाच अभय म्हणल्या. त्याचं नाव काढायला सांगू का? झालं की तुझं काम."

शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. घोड्याच्या टापा ऐकू आल्या, मग पुडी फाटल्याचा आवाज, आणि मग ती चाल. गल्लीच्या तोंडापासून येणारी, टोपी काखेत मारलेली. राजीनं मान वर केली आणि ती आवाजाच्या दिशेनं, अनवाणी, दुडक्या पावलांनी निघाली. तनुजानं तिला उंबऱ्यावर धरलं.

"तनुजे? ऐकतीस ना? काढू का नाव?"

"नको आत्या," तनुजा म्हणाली. "राहू दे."